शिडीला रंग लावत नाहीत

लाकडी शिडीला रंग लावत नाहीत. जवसाचं तेल लावा, पॉलिश लावा, ज्यातून लाकूड दिसत राहतं असं काहीही लावा, पण रंग नाही. मी सुतार आहे, आणि रंगाबद्दल मला एरवीही फारसं प्रेम नाही. चांगल्या सागवानाला रंग फासणाऱ्या माणसाशी मी कामापुरतंच बोलतो. पण शिडीची गोष्ट माझ्या आवडीनिवडीची नाही. लाकूड तडकतं तेव्हा सांगून तडकत नाही. केसाएवढी चीर पडते, आणि पडलेल्या शिडीत ती मिटून बसलेली असते, हाताला लागत नाही. डोळ्यांनाच काय ती दिसते. वर रंगाचा थर बसला की डोळ्यांचाही उपयोग संपला. शिडी वरून नवीकोरी आणि आतून मोडकी, आणि हे कळायचं कधी, तर माणूस वर असताना.

रंगाऱ्यांना हे माहीत असतं. माझे भावजी रंगारी आहेत, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि त्यांना तर ते पक्कं माहीत होतं. त्यांची कामाची शिडी मीच करून दिलेली. गाठ नसलेलं, सरळ शिरांचं लाकूड निवडायला मी वखारीत अख्खी सकाळ घालवली होती आणि वखारवाल्याचं डोकं खाल्लं होतं. आमच्या घरात मला करवत म्हणतात ते काही उगाच नाही.

भावजींचं नाव त्यांच्या धंद्यात 'सावकाश' असं पडलं होतं. ते शिडी लावतील, मागे जाऊन तिचा कल बघतील, पुढे येऊन पाया हलवतील, पुन्हा मागे जातील. बादली आकड्याला, एक हात कायम शिडीवर, आणि पोट दोन दांड्यांच्या मध्ये. हात पुरेनासा झाला की उतरणार, शिडी सरकवणार, पुन्हा चढणार. बाकीचे रंगारी अंग ताणून कोपरा गाठायचे आणि ह्यांची थट्टा करायचे, की सावकाश वर पोचेपर्यंत आमची भिंत वाळून दुसरा हात मारायची वेळ येते. भावजी हसायचे आणि शिडी सरकवायचे. रोज सकाळी कामाला हात घालण्याआधी शिडी जमिनीवर आडवी टाकायची आणि उकिडवं बसून दोन्ही दांड्या टोकापासून टोकापर्यंत बघायच्या, हा त्यांचा नेम होता. एवढा वेळ मी माझ्या बायकोने लिहून दिलेली सामानाची यादीही वाचत नाही.

म्हणून त्या दिवशी वाचनालयात जे पाहिलं ते मला झेपलं नाही.

वाचनालयाचं मोठं दालन नव्याने करायला घेतलं होतं. भिंती भावजींकडे, आणि त्या वाळल्या की कपाटं माझ्याकडे. मी मापं घ्यायला गेलो होतो. जुनी कपाटं बाहेर काढलेली, फरशीवर मातकट कापड अंथरलेलं, उंच खिडक्या उघड्या टाकलेल्या, आणि छताजवळ भावजी माझ्याकडे पाठ करून ब्रश चालवत होते. त्यांच्या पायाखाली माझी शिडी होती. तिच्या दांड्या आकाशी, पायऱ्या एक पांढरी, एक गडद हिरवी, पुन्हा पांढरी, पुन्हा हिरवी, आणि सगळ्यात खालची लालभडक. अगदी बालवाडीच्या बागेत ठेवावी अशी.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे कुणाचं कर्तृत्व, असं मी खालूनच विचारलं. तुझ्या ताईचं, असं भावजी मागे न वळता म्हणाले. मी म्हटलं, आधी खाली या. त्यांनी सांगितलं, हातातला पट्टा संपवतो. मी म्हटलं, पट्टा गेला खड्ड्यात, खाली या. माझा आवाज मोकळ्या दालनात असा काही घुमला की दारातला पहारेकरी डोकावून गेला.

ते उतरले. लाल पायरीवर पाय टेकला तसे जरासे थांबले, खाली बघितलं, आणि मग जमिनीवर पाऊल ठेवलं. मला वाटलं, माझ्यावर चिडलेत म्हणून रेंगाळतायत. रागावलेल्या माणसाला सगळं आपल्यावरूनच चाललंय असं वाटतं.

मी त्यांच्या पेटीतली खरवडायची पट्टी उचलली आणि म्हटलं की आत्ताच्या आत्ता हा तमाशा काढून टाकतो. भावजींनी शिडीवर हात ठेवला. तिने सगळी सुट्टी त्यात घालवली, मी बाहेरून आलो तर शिडी अंगणात वाळत होती, आता खरवडली तर तिला काय वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, तुम्ही पडलात तर काय वाटेल? त्यावर ते म्हणाले, की रंग लागायच्या आदल्या दिवसापर्यंत मी स्वतः रोज शिडी बघत होतो, दोन्ही दांड्या स्वच्छ होत्या, आणि लाकूड काही आठवड्याभरात कुजत नाही. मी म्हटलं, कुजायला वर्षं लागतात, तडकायला एक धक्का पुरतो. उतरवताना कुठे आपटली असेल, कुणी वरून काही टाकलं असेल, तुम्हाला कळणार कसं? टेम्पोतली माझी ॲल्युमिनियमची शिडी आणतो म्हटलं, तर तीही नको. ते म्हणाले, हे दालन संपू दे, मग बघू. आणि बादली आकड्याला लावून पुन्हा चढले.

सावकाश म्हणवणारा माणूस, आणि तो 'मग बघू' म्हणतो. मी शिडीचा पाया धरून उभा राहिलो, पण चीर असेल तर पाया धरून काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. वरची दांडी मोडली की माणूस येतो तो थेट फरशीवर, आणि ती फरशी दगडाची होती. मापं घेतली ती चुकली, दोनदा घेतली, दोनदा चुकली. शेवटी फूटपट्टी खिशात घातली आणि टेम्पो काढून सरळ ताईकडे गेलो. जिने रंग लावला तिनेच 'काढा' म्हटल्याशिवाय हा गृहस्थ काही ऐकणार नव्हता.

ताईचं घर दोन रस्ते पलीकडे. त्या घरात बसलं की गावातल्या सगळ्या इमारतींत एकदम बसल्यासारखं वाटतं. उरलेला रंग भावजी घरी आणतात आणि ताई तो कशाला ना कशाला लावते. कपाट दवाखान्याच्या पिस्ता रंगाचं, स्टुलं शाळेच्या पिवळ्या रंगाची, न्हाणीघराचं दार कुठल्याशा वकिलाच्या दिवाणखान्याचं. रंगाऱ्याच्या घरात रंगारी कधी ब्रश धरत नाही, ते सगळं तिचं काम.

ती कपड्यांना इस्त्री करत होती. मी दारातूनच सुरू केलं. तू माझ्या शिडीची काय दशा केलीस, तुला विचारायची पद्धत आहे की नाही, दिसलं काही मोकळं की लागला रंग. ताई इस्त्री फिरवत राहिली. करवत चालू असताना मध्ये हात घालू नये, हे तिला लहानपणापासून माहीत आहे. माझं सगळं बोलून झालं, मी दम घ्यायला थांबलो, तेव्हा तिने इस्त्री बंद करून उभी ठेवली आणि भलताच प्रश्न विचारला.

"उतरताना पाय नीट टेकला का त्यांचा?"

मी म्हटलं, न टेकायला काय झालं? मग तिने खुर्ची पुढे केली, स्वतः समोर बसली, आणि सांगायला लागली.

भावजी हल्ली शेवटची पायरी चुकत होते. वरून उतरताना त्यांना वाटायचं जमीन आली, आणि जमीन अजून एक पायरी खाली असायची. एकदा असेच बदकन बसले होते. घरी सांगितलं, दाराला धडकलो. पाठीवरचा काळानिळा डाग बघून तिला कळलं की असलं दार अजून कुणी बनवलेलं नाही. मग ती लक्ष ठेवायला लागली. चहा कपात ओतायचा तो बशीत जायचा. उंबऱ्याजवळ आले की पायाचा अंगठा आधी पुढे चाचपडायचा. पेपर हल्ली हातात नुसता धरलेला असायचा आणि विचारलं की छपाईला नावं ठेवायचे. तिने एकदा सरळ म्हटलं, डोळे दाखवून या. तेव्हा ते जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडले. रंगाऱ्याचे डोळे गेले असं एकदा बाहेर फुटलं, की पुन्हा कुणी भिंत देणार आहे का, असं म्हणाले. त्यानंतर तो विषय घरात निघाला नाही.

"मग मी दुसरं काय करणार होते?" ताई म्हणाली. "तुझ्या शिडीला तेल लावून लावून ती काळपट झालेली. खालचं कापड मातीच्या रंगाचं. ते कामाला गेले नव्हते तेव्हा मी स्वतः अंगणात चढून बघितलं रे. माझे डोळे धड आहेत, तरी मला वरून कळेना, पायरी कुठली आणि जमीन कुठली. म्हणून एक पांढरी, एक हिरवी. आणि लाल आली की पुढे जमीन."

मी त्या शिडीला मनात बालवाडी म्हटलं होतं. घरातल्या माणसाला वाचवण्यासाठी माझ्या बहिणीने जे डोकं चालवलं होतं ते मला सुचलं नसतं, आणि भावजींना ते कळलं होतं. म्हणूनच ते खरवडू देत नव्हते. दोघंही एकमेकांना काही बोलले नव्हते. तिने रंग लावला, त्यांनी लाल पायरी बघून जमिनीवर पाय ठेवला, आणि संसार पुढे चालू.

पण शिडी ती शिडीच. मी तिला सांगितलं की रंग का लावत नाहीत.

ताई म्हणाली, लग्न झाल्यापासून ऐकतेय, शिडीला रंग लावत नाहीत, शिडीला रंग लावत नाहीत. जेवून लगेच पोहू नये म्हणतात तसलंच काहीतरी असेल असं तिला वाटलं होतं. का नाही, हे ना त्यांनी कधी सांगितलं, ना मी. आता मी चिरेचं सांगत गेलो तसा तिचा चेहरा उतरत गेला. बोलता बोलता ती उठून उभी राहिली.

"म्हणजे चीर असली तर ती मी झाकून ठेवलीय."

असेलच असं नाही, असं मी म्हणालो, पण ते तिने ऐकलं नाही. ती बूट घालत होती. इस्त्रीचे अर्धे कपडे तसेच टेबलावर राहिले आणि आम्ही टेम्पोत बसलो. वाटेत तिने एकदाच तोंड उघडलं, आणि तेही जरा जोरात चालव म्हणण्यापुरतं.

भावजी अजून वरच होते, खिडकीवरच्या पट्ट्यात. ताई शिडीपासून थोडी लांब उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "अहो, जरा खाली या." घरी जेवायला बोलवावं तशी. माझ्या बोंबलण्याने जे झालं नव्हतं ते तेवढ्याने झालं. त्यांनी ब्रश बादलीत ठेवला, बादली आकड्यावरून काढली आणि उतरायला लागले. पांढरी, हिरवी, पांढरी. ताईचे ओठ हलत होते. लाल आली, ते थांबले, आणि खाली उतरले.

मी काही न विचारता शिडी उचलली, रंगाच्या दोन ड्रमांवर आडवी टाकली. भावजी ताईकडे बघत राहिले. ती म्हणाली, खरवडू दे त्याला. ते बाजूला झाले.

रंग नवा होता, सालीसारखा निघत होता. खालची अर्धी शिडी निर्मळ निघाली. मला वाटायला लागलं की आता दोघांचीही माफी मागावी लागणार, आणि ती मी आनंदाने मागितली असती. मग वरच्या भागात, जिथे उभं राहून भावजी छताजवळचं काम करायचे, त्या पायरीच्या खोबणीखाली पट्टी अडखळली. मी तिथला रंग काढला. फडक्याने पुसलं. एक बारीक रेघ खोबणीतून निघून दांडीत तिरकी उतरली होती. मी दांडीवर गुडघा ठेवून जरासा भार दिला, आणि रेघ उघडली.

ताईला सांगावं लागलं नाही. ती तिथेच कापडावर बसली आणि रडायला लागली. मी झाकली, मीच झाकली, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. आई गेली तेव्हासुद्धा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मी गुडघा दांडीवरून काढला.

भावजी वाकले. मी चिरेजवळ बोट टेकवलं. त्यांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मी अगदी जवळ होतो म्हणून मला दिसलं, की त्यांची नजर माझ्या बोटाच्या थोडी पलीकडे लागली होती. त्यांनी अंगठा फिरवला, मी भार काढला होता त्यामुळे चीर मिटलेली, अंगठ्याला काही लागलं नसणार. मग त्यांनी मान वर न करता मला हळूच विचारलं.

"आतून काळी आहे की पांढरी?"

हे आमच्या धंद्यातलं बोलणं आहे. लाकूड आज तडकलं तर चीर आतून पांढरी असते, नुकत्या तासलेल्या लाकडासारखी. जुनी चीर धूळ खाते, तेल पिते, आणि आतून काळी पडते. पांढरी असती, तर ती गेल्या काही दिवसांतली, रंगाखाली पडलेली, आणि ताईच्या रंगानेच ती दडवलेली. काळी असेल, तर ती रंगाच्या पुष्कळ आधीची. म्हणजे उघड्या लाकडावर, रोज सकाळी, उकिडवं बसून बघणाऱ्या भावजींच्या डोळ्यांसमोरची. काय विचारतोय हे त्या माणसाला पुरतं माहीत होतं. ते त्यांना मला विचारावं लागतंय, ह्यातच अर्धं उत्तर होतं.

चीर काजळासारखी काळी होती. जुनं तेल तिच्यात थिजून बसलं होतं.

मी 'पांढरी' म्हटलं असतं तर ते कुणाला कळलं नसतं. ताईने तो दोष जन्मभर उराशी धरला असता, आणि भावजी उद्या दुसरी शिडी आणून त्याच डोळ्यांनी चढले असते. 'काळी' म्हटलं तर त्यांचा धंदा मी माझ्या तोंडाने बंद करत होतो. माझ्या जिभेला कधी विचार करावा लागलेला नाही, ती आधी चालते आणि मी मागून जातो. त्या दिवशी पहिल्यांदा तिला ढकलावं लागलं.

"काळी," मी म्हणालो.

ते एका उलट्या बादलीवर बसले. ताई अजून रडत होती, तिला ह्या काळ्यापांढऱ्याचा अर्थ लागला नव्हता. तो भावजींनीच तिला सांगितला.

"अगं, तू नाही झाकलीस. ही आधीपासून होती. मी रोज बघत होतो आणि मला ती दिसत नव्हती." जरा थांबून ते म्हणाले, "मला नीट दिसत नाही. बरेच दिवस झाले."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली.

एवढंच. मला वाटलं होतं ती आता फाडफाड बोलेल, मी असतो तर बोललो असतो. तिने बाहीने तोंड पुसलं आणि सांगितलं, की उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. ते हो म्हणाले. मी मध्ये तोंड घातलं, की हल्ली मोतीबिंदू काय सहज काढतात, आमच्या उस्तादाचा काढला आणि तो पुन्हा रंध्याच्या पात्याला धार लावायला लागला. भावजी म्हणाले, मोतीबिंदू असेल तर बरंच आहे, नसेल तर काय ते डॉक्टर सांगेल. त्यांच्या आवाजात भीती होती. ती लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही, आणि मला ते बरं वाटलं.

मग त्यांच्यातला रंगारी जागा झाला. वरचा पट्टा अर्ध्यावर सुटलाय, असं ते म्हणाले, कड ओली आहे तोवर पुढचा रंग जोडला नाही तर सांधा कायमचा दिसेल. माझ्या टेम्पोत ॲल्युमिनियमची ती सरकती शिडी होतीच. मी म्हटलं, मी करतो. भावजी हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच, आणि म्हणाले की तू भिंतीला रंधा मारशील. मग त्यांनी हात लांब करून आडव्या शिडीची एक न खरवडलेली पायरी चाचपली, जिथे हिरवा संपून आकाशी सुरू होत होता तिथली कड.

"इतकी सरळ कड चिकटपट्टी न लावता केलीस?" त्यांनी ताईला विचारलं.

ती म्हणाली, पट्टी कुठे ठेवलीयत तुम्ही, ती मला सापडत नव्हती.

"मग तूच चढ."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी शिडी आणायला गेलो. भावजींनी खालचं कापड गोळा करून बाजूला सारलं, कापडावर शिडी उभी करायची नसते. फरशी पायाने घासून बघितली. शिडी लावली, मागे गेले, पुढे आले, पाया हलवला. मला कल बघायला सांगितलं, आणि मी बरा आहे म्हटल्यावर पुन्हा एकदा सांगितलं. ताईला बुटांचे तळ पुसायला लावले. अंगठी काढून ठेवायला लावली. सावकाश म्हणजे अगदी सावकाश, आणि ओली कड वाळत होती, पण त्यांना मी घाई करायला सांगितलं नाही.

मग त्यांनी दोन्ही दांड्या धरल्या आणि पाऊल तळाला टेकवून उभे राहिले.

"मला तू वर दिसणार नाहीस," ते म्हणाले. "प्रत्येक पायरीला हं म्हण."

ताई चढायला लागली. हं. हं. हं. तिचा आवाज वर जात होता तशी भावजींची मान वर होत होती, पण नजर कुठेच टेकत नव्हती, ते नुसते ऐकत होते. ती पट्ट्यापर्यंत पोचली. शेवटचं हं झालं. बादली आकड्याला लागल्याचा आवाज आला. नंतर काहीच आवाज आला नाही. ब्रशचाही नाही.

"गप्प का झालीस?"

मी वर बघितलं. सकाळपासून मी ह्या दालनात येऊन-जाऊन होतो आणि भिंतीकडे एकदाही धड बघितलं नव्हतं, मला फक्त शिडी दिसत होती. आता खिडकीतून ऊन तिरपं पडलं होतं. फिकट मोतिया रंगाच्या त्या पट्ट्यात जागोजागी जुना पांढरा उघडा राहिला होता. तळहाताएवढे तुकडे, कुठे ताटाएवढे. छताच्या कडेला रंग कुठे वर चढला होता, कुठे पोचलाच नव्हता. फक्त तोच पट्टा नाही, आधीची पूर्ण झालेली भिंतही तशीच होती.

"काही नाही," ताई म्हणाली. "भिंत बघतेय."

भावजींचे हात शिडीवरून सुटले नाहीत. त्यांनी माझ्या बाजूला तोंड वळवलं, मी जिथे होतो त्याच्या थोडं पलीकडे, आणि मग पुन्हा वर केलं.

"राहिलंय का कुठे?"

ताई वरून माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली नाही, हो अशीही नाही आणि नाही अशीही नाही. हे तिचं तिनेच ठरवायचं होतं.

"राहिलंय," ती म्हणाली. "बरंच राहिलंय हो."

दालनात रंगाचा वास होता आणि बाहेर रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"बरं," भावजी म्हणाले. "मग उतरू नकोस. डावीकडून सुरू कर, आणि कुठे कुठे राहिलंय ते मला सांगत जा."